पानावरचे गोल

बागप्रेमींच्या त्या ऑनलाइन समूहात पृथ्वीच्या काळजीने सर्वांची झोप उडालेली असे. आणि पानावर मावा दिसताच तेच सर्वजण एकमुखाने विचारत, ‘काय फवारू?’ कीटकशास्त्र शिकवणारी ती हे सारे थंड संतापाने वाची. तिची उत्तरे प्रबंधाच्या भाषेत असत — ‘असे आढळते’, ‘फवारणी टाळावी’. लिहिणारा बाप्या की बाई, याचा क्रियापदांना पत्ता नसे. टोपणनाव ‘चतुर’. ते कीटकाचे होते. लोकांना बढाई वाटे.

एका संध्याकाळी ‘कातर’ नावाच्या कोणी गुलाबाच्या पानाचा फोटो टाकला. कडेने नाण्यांसारखे गोल कापून नेलेले.

‘हे कोण कापतंय?’ खाली प्रश्न होता. ‘मी नाटकांचे पोशाख बेततो. इतका साफ गोल मला खडूने आखूनही जमत नाही.’

तिने तो पुन्हा वाचला. फवारणीचे नाव नाही. नुसतेच कुतूहल — या समूहात हा वाट चुकून आला असावा.

‘पानकापी मधमाशी. पान खात नाही. तुकड्यांनी पोकळीत घर बांधते. प्रत्येक अंड्याला वेगळी दुलई.’

‘आणि टाका कशाने घालते, सर?’

सर! दुरुस्ती करायला बोट उचलले, पण… या माणसाला अजून काय काय सुचेल, हे आधी पाहायचे होते.

‘लाळेने.’

‘सुई ओवताना आमचंही तेच चालतं, सर.’

एकटीच असूनही ती हसू दाबत राहिली. मग प्रश्न येत गेले आणि उत्तरे लांबत गेली. एके दिवशी मात्र त्याने वेगळेच लिहिले: ‘सर, रविवारी वहिनी विष मारणार. गुलाब तिचा, गॅलरी तिची, मी आश्रित. माशीचं घर खिडकीच्या चौकटीतल्या भोकात आहे. तुम्ही आलात तर वाचेल. पांढऱ्या केसांना ती मान देते.’

रविवारी त्याने दार उघडले. गळ्यात मापाची फीत होती. तिच्या खांद्यावरून त्याने जिन्याकडे पाहिले.

‘सर मागून येताहेत का? त्यांचे गुडघे —’

‘सरांचे गुडघे ठणठणीत आहेत,’ ती म्हणाली. ‘चतुर मीच.’

त्याचे कान लाल झाले. ‘पण… तुमच्यासारखे आजोबा मिळायला हवे होते, असं मी लिहिलं होतं.’

‘वाचलं. नंतर बराच वेळ आरशासमोर उभी होते.’

गॅलरीत वहिनी पंप घेऊन सज्ज होती. ‘भावोजी, हे तुमचे सर?’

तिने विषांवरचे तिखट व्याख्यान पाठ करून आणले होते. तोंड उघडणार, तोच पोटाशी हिरवा तुकडा कवटाळून माशी आली, भोकापाशी क्षणभर घुटमळली आणि आत शिरली. वहिनी भोकाकडे वाकली.

‘आत पिल्लं किती?’ वहिनीने हळूच विचारले.

‘माहीत नाही.’

‘बाहेर कधी यायची?’

‘तेही सांगता येत नाही. बघत राहावं लागेल.’

‘सगळं माहीत असलेलं माणूस आणणार होतात ना, भावोजी?’ वहिनीने पंप खाली केला. ‘राहू दे. पानं गेली तर गेली. कळ्यांना तोंड लावलं, तर माझ्याशी गाठ आहे.’

वहिनी पंप घेऊन आत वळली. तो फितीशी चाळा करत उभा होता.

‘बघत राहायला… तुम्ही याल?’

‘येईन.’

‘माशीसाठी?’

पुराव्याशिवाय तिने आयुष्यात विधान केले नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिले. पुरावा समोर उभा होता, कानांपर्यंत लाल.

‘माशी निमित्त,’ ती म्हणाली.

तो काही बोलणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून पंपाचे झाकण फिरवल्याचा आवाज आला.

‘सिंकमध्ये ओतू नका!’ दोघेही एकदम ओरडले.