दाराआडची जागा

पेणच्या बाजारपेठेत डॉ. दिनानाथांचा दवाखाना होता आणि पायरीवर चपला काढून आत जायचं, हा तिथला नियम. डॉक्टरांच्या खुर्चीतून खिडकीबाहेरची पायरी दिसायची. किती पेशंट उरलेत हे ते चपलांवरून ओळखत. पायरी मोकळी झाली की पडदा ओढून वर घरी जेवायला जात. मूळचे रोह्याचे, पण इथे छान बस्तान बसलेलं. हाताला गुण होता, बोलणं गोड होतं, आणि जवळच्या कंपनीत शिफ्टमध्ये अपघात झाला की तिथले लोक त्यांच्याकडेच धाव घेत.

दुसरा नियम त्यांनी स्वतः केला होता. खाडीकडची मिठागरातली माणसं अनवाणी येत, पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. नवी फरशी खराब होऊ नये म्हणून त्यांनी दाराआड, भिंतीशी, खाली बसायचं. हाकलायचं कुणालाच नाही, फक्त तिथे बसवायचं. यात काही वावगं आहे असं डॉक्टरांना कधी वाटलं नाही.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी बायजा आपल्या पोरीला खांद्यावर टाकून आली. मिठागराच्या बांधावर पोरीला साप चावला होता. नेमका त्याच वेळी कंपनीच्या जीपमधून बोटं चेमटलेला सुपरवायझर आलेला. बायजा सांगायला तोंड उघडते तोच नर्स दिपिका म्हणाली, "बस गो तिथं, बोलावते. गलका करू नको." आणि ती आत पळाली, ती विसरलीच. टाके घालून झाले, सुपरवायझर बूट चढवून गेला. डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. पायरी मोकळी होती. ते वर जाऊन जेवले. वालाची उसळ झकास झाली होती, ती त्यांनी पुन्हा मागून घेतली.

खाली आले तेव्हा दाराआड बायजा बसलेली दिसली. पोर मांडीवर.

"झोपली वाटतं," ती म्हणाली. "मगाधरनं डोलं उघडीत नाय."

डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली, घोट्यावरच्या खुणा पाहिल्या. सगळं आटोपलं होतं.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

"बोलावते म्हनली व्हती ना बाई."

बायजाने पोर उचलली आणि ती उन्हात चालू लागली. डॉक्टरांना तिला थांबवायची हिंमत झाली नाही. पोरीचं नाव विचारायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दाराआडच्या फरशीवर दोन पावलं उमटली होती. लहान, ओली. वाळली तशी कडेला मिठाची पांढरी रेघ राहिली. दिपिकाने पुसली. दुपारी पुन्हा तिथेच. पुसून पुसून तिच्या हातांना चिरा पडल्या. डॉक्टरांनी चपलांकडे बघणं सोडलं, अनवाणी माणसांना बाकावर बसवायला लागले. तरी गर्दीच्या दिवशीसुद्धा माणसं ती जागा सोडून दाटीवाटीने उभी राहत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुपारी वर ताट वाढलेलं असे आणि डॉक्टर खालीच बसून राहत. शरमेने घास उतरत नसे. कुणी त्यांना देवमाणूस म्हटलं की त्यांना तिथून उठून जावंसं वाटे.

मे महिन्यात भर दुपारी महिपती आला. मिठागरातला म्हातारा, दम्याने बेजार, ओठ निळे पडलेले. डॉक्टर स्वतः पुढे झाले, त्याला धरून टेबलापाशी आणलं. ऑक्सिजनची नळी नाकाशी नेली. म्हाताऱ्याने ती हाताने सारली.

"आदी... तिला घ्या."

"कुणाला?"

महिपतीने दाराआड बोट दाखवलं. "ती पोर. माज्या आदी बसलेय."

दिपिका भिंतीला टेकली. तिथे कुणी नव्हतं. पावलं होती. त्यांची बोटं टेबलाकडे वळलेली होती.

"बाबा, कुणी नाही तिथे. नळी लावू द्या."

"नंबर... तिचा हाय."

तो टेबलाची कड धरून उभाच. ओठ काळसर होत चालले. आपल्या दारात आणखी एक जीव जाणार, डॉक्टरांना वाटलं. त्या पोरीला हाक मारायला हवी होती. पण काय म्हणून मारणार?

"तिचं... नाव काय?" विचारताना त्यांना स्वतःची किळस आली.

महिपतीने दाराकडे पाहिलं. "नाव काय गो तुजं?"

कान देऊन थांबला.

"पुतळी म्हनते."

डॉक्टर दाराकडे वळले. "पुतळी," ते म्हणाले, "ये बाळ. तुझा नंबर."

पंखा फिरत होता. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

महिपतीची नजर दारापासून टेबलापर्यंत हळूहळू सरकत आली. मग तो निमूट टेबलावर चढला आणि एका कडेला आडवा झाला, शेजारी जागा ठेवून.

नळी लागली, इंजेक्शन दिलं. म्हाताऱ्याचा श्वास मोकळा होत गेला. दिपिका तोंडावर पदर धरून रडत होती. डॉक्टरांनी दाराआड पाहिलं.

फरशी कोरडी होती.

सुटलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी टेबलावर हात टेकला.

रेक्झिनच्या मोकळ्या जागेवर त्यांच्या बोटांखाली एक बारीक घोटा आला. चिखलाने ओला, मिठाने खरखरीत, शेजारी शेजारी दोन टोचल्याच्या खुणा.

अजून कोमट होता.