दहापैकी दोन

आमची गाठ पडली ती अडकलेल्या लिफ्टमध्ये. तो स्ट्रेचरवर, मी त्याच्या उशाशी, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये ठप्प!

“सिस्टर, आतलं दार जरा जोरात ओढा. वर फट राहिलीये.”

मी ओढलं. लिफ्ट हलली.

“बरंच कळतं की तुम्हाला!”

“लिफ्टच दुरुस्त करतो ना. लोकांना वर पाठवायचा धंदा...” तो हसला. “आता माझा नंबर.”

विनोद मला मुळीच आवडला नाही. हसणं मात्र आवडलं.

त्याचा कर्करोग हाडांत पसरला होता. तो बरा होणार नव्हता. दुखणं ताब्यात ठेवायचं, एवढंच आता आमच्या हातात होतं. म्हणून रोज विचारायचं, दुखतंय किती, दहापैकी? तो सांगेल त्यावर डॉक्टर औषध ठरवायचे.

“दोन,” तो म्हणायचा. “तुम्ही आलात की एकच.”

“लाडीगोडी नको. खरं सांगा.”

“खरं सांगितलं तर पळून जाल...”

मी लाजायचे, आणि दोन लिहून टाकायचे.

तशी माझी नजर कच्ची नाही. दम्याचे काका वॉर्ड डोक्यावर घ्यायचे. पण साखरेच्या आजी एकदम गप्प झाल्या की मी काकांना सोडून आजींकडे धावायचे. कपाळ गार, घामेजलेलं, म्हणजे साखर उतरलेली. ‘ओरडणाऱ्याला निदान श्वास असतो, गप्प पडलेल्याकडे आधी बघ,’ हे मला आमच्या थोरल्या सिस्टरनी, ताईंनी, शिकवलेलं. आणि हा मात्र बोलता बोलता गप्प व्हायचा, तेव्हा मी त्याचे डोळे बघत बसायचे.

एके दुपारी ड्यूटी बदलताना ताईंनी मला बाजूला घेतलं.

“माझ्याकडे आठ म्हणतो गं तो. तुझ्याकडे दोन कसे?”

मी तशीच त्याच्याकडे गेले. मनगट धरलं. नाडी धावत होती. दुसऱ्या हाताने त्याने पलंगाची कड घट्ट आवळली होती.

“का खोटं बोललात?”

त्याने नजर छताकडे वळवली.

“औषध वाढलं की झोप लागते, सिस्टर. तुमची ड्यूटी झोपेत गेली तर... मला राहिलंय काय दुसरं?”

मला रडू कोसळलं. एवढं प्रेम कुणी माझ्यावर केलं नव्हतं, आणि ते त्याला असं सोलून काढत होतं. मी सिस्टर म्हणून विचारत राहिले, तर तो कधीच खरं बोलणार नव्हता. मी ताईंना म्हटलं, “आजपासून त्यांचा पलंग तुम्ही घ्या.”

“आणि तू?”

“मी येईन... भेटायच्या वेळेत. बाकीचे येतात तशी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साध्या कपड्यांत गेले. तो रुसला होता.

“कंटाळलात ना मला?”

“कंटाळा आला असता तर सुट्टीच्या दिवशी इथे कशाला तडमडले असते? आज मी सिस्टर नाही. तुमची... कुणीतरी आहे. आता सांगा. किती?”

“नऊ,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर कण्हला. ते कण्हणं ऐकवत नव्हतं.

ताईंनी डॉक्टरांना विचारून औषध वाढवलं. त्याच्या पापण्या जड झाल्या. तो त्या ताणून उघड्या ठेवायला बघत होता.

“झोपलो तर... बोलणार कधी?”

“मी बोलते. तुम्ही झोपा. माझं प्रेम आहे तुमच्यावर.”

“पुन्हा म्हणा...”

मी पुन्हा म्हटलं. ते त्याने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानंतर आमचं धड बोलणं झालंच नाही. मी रोज जायचे, तो झोपलेला असायचा. शेवटही झोपेतच झाला. पलंगाची कड त्याने पुन्हा धरली नाही. तो हात, भेटायची वेळ संपेपर्यंत, माझ्या हातात सैल पडलेला असायचा.