वजावटीचा नमुना

"त्या खोलीत ऋतुजाशिवाय दुसरं कोणी आलेलंच नाही," अझहर म्हणाला आणि त्याने पडद्यावरचा गंधपट, म्हणजे खोलीतल्या वासांचा आलेख, पुन्हा पहिल्यापासून लावला.

डॉ. सानिका हंगरगेकरला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही तेही सांगता येत नव्हतं. जालन्याच्या गंधतपास प्रयोगशाळेची ती प्रमुख, अझहर तांबोळी तिचा सहायक. भगवानराव दहिफळे नावाच्या म्हाताऱ्याचा भरदुपारी स्वतःच्या घरात गळा आवळला गेला होता, कपाटातले दागिने गेले होते. सून ऋतुजा कोठडीत होती. खोलीत गंध दोघांचेच, सासऱ्याचा आणि सुनेचा. मी बाजारात होते, एवढं एकच ती बिचारी सांगत होती. सोमवारी आरोपपत्र जायचं होतं, तेही सानिकाच्या अहवालावर.

तपास अधिकारी गिते घायकुतीला आले होते. "मॅडम, यंत्र चुकतं का? सरळ सांगा."

"नाही चुकत. अंगाचा वास बोटांच्या ठशासारखा ज्याचा त्याचा असतो. यंत्र तो टिपतं, आणि किती विरलाय त्यावरून किती जुना तेही सांगतं."

"मग घोडं कुठं अडलंय?"

"माझ्याच डोक्यात. म्हणून गंधपट बाहेरच्या सहा तज्ज्ञांना पाठवलाय, सल्ल्यासाठी."

गिते भडकलेच. "चालू तपासातला पुरावा गावभर वाटता? उद्या आरोपीच्या वकिलाने विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

"डॉक्टरसुद्धा दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतोच की, साहेब."

आता इथे एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्या रीतीनेच घातला. पुराव्याची पेटी उघडणाऱ्याचा वास पुराव्याला लागतोच. म्हणून सानिका प्रत्येक गंधपटासोबत स्वतःच्या वासाचाही नमुना पाठवायची. तो आधी वजा करायचा आणि मग उरलेलं वाचायचं. समोरचे तज्ज्ञ तो वास आपल्याकडे छापून, म्हणजे थेंबाथेंबाने हुबेहूब बनवून, पडताळायचे. जिल्ह्यातल्या सगळ्या गंधयंत्रांतही तिचा नमुना भरलेला होता आणि तो आपोआप वजा व्हायचा, म्हणजे मॅडम कुठेही गेल्या तरी घोटाळा नको. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, आणि चप्पल दाराबाहेर काढण्याइतकंच ते सवयीचं झालं होतं.

पाच जणांची उत्तरं आली. तिसरा माणूस नाही. सानिकाला हायसं वाटायला हवं होतं, ते काही वाटेना.

मग सांगलीहून सहाव्या तज्ज्ञाचा, देशमाने सरांचा फोन आला. ते तिचे गुरू, निवृत्त, पण यंत्र अजून हातातून न सोडणारे.

"सानिका, तू त्या खोलीत किती वेळ होतीस?"

"मी गेलेच नाही, सर. पेटी इथे आली."

"मी आज वजावट बंद करून पाहिलं. कपाटाच्या कडीवर तू आहेस. म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर तू आहेस. आणि पेटी उघडतानाचा हा वास नाही बाई, हा खुनाच्या वेळेइतका जुना आहे."

अझहरनेही लगेच वजावट बंद केली. खरंच होतं. खोलीभर तीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

खुनाच्या त्या दुपारी ती तापाने फणफणून घरी एकटीच झोपली होती. गोळी घेतल्याचं आठवत होतं, पुढचं काहीच नाही. आपण गेलो तर नव्हतो? तिला स्वतःचीच भीती वाटली. पाणी प्यायला उठली, ते न पिताच परत बसली.

"मॅडम, कोणी छापला असेल तर?" अझहर हळूच म्हणाला. "तुमचा वास अंगाला भरपूर चोपडला तर खालचा स्वतःचा दबतो. आणि वरचा आपलं यंत्र स्वतःच पुसून टाकतं. माणूस आला काय नि गेला काय."

"असा छापता येईल तो फक्त मी आजवर ज्यांना सल्ला विचारला त्यांना."

"हे कळवलंत तर आधी तुम्ही आत जाल."

"नाही कळवलं तर ऋतुजा जाईल," ती म्हणाली आणि अहवाल लिहायला बसली.

गिते तो वाचून खुर्चीत बसले. "तरी सांगत होतो, बाहेर वाटू नका."

"वाटलं म्हणून गुन्हेगाराच्या हाती लागलं, साहेब. पण वाटलं म्हणूनच सापडलंही."

"सापडलं कुठं? सापडलात तुम्ही." ते ओरडले नाहीत, उलट गोंधळल्यासारखेच बोलले. "ही तुम्ही की तुमची छपाई, हे मला कोण सांगेल?"

सवयीने ती देशमाने सरांचं नाव घ्यायला गेली. पण तिचा नमुना त्यांच्याकडे सगळ्यांच्या आधीपासून होता. ते नाव तिने गिळलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

संध्याकाळी ऋतुजा घरी गेली आणि तिची कोठडीतली सतरंजी सानिकाला मिळाली.

सकाळी हवालदाराने कोठडीच्या दारावरचं हजेरीयंत्र पाहिलं. यंत्र आतल्या कैद्यांची मोजणी वासावरून करायचं, आणि ते म्हणत होतं, कोठडी रिकामी आहे. त्याने घाबरून गजांमधून आत डोकावलं.

"मी आहे," कोपऱ्यातून सानिका म्हणाली.