मागच्या सीटवरचा खळगा

गोरख गाडी बघायला पुण्याला निघाला तेव्हा त्याची मुलगी जेमतेम दहा दिवसांची होती आणि त्यानं तिला एकदाच, तेही सासूच्या खांद्यावरून, पाहिलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. त्यामुळे बायको, हर्षाली, अवसरी बुद्रुकला. सव्वा महिना व्हायच्या आत तिनं तिथून हलायचं नाही, हाही रिवाजच. नवरा त्या सव्वा महिन्यात काय करतो, याबद्दल मात्र रिवाजात काही सांगितलेलं नाही. गोरखचे आईवडील नव्हते. टोमॅटोला सोन्याचा भाव आला त्या वर्षी त्यानं लेण्याद्रीच्या अलीकडं, शेतातच बंगला बांधला होता, आणि आता त्या बंगल्यात तो एकटा होता. एका खोलीत तो झोपे, बाकीच्या खोल्या नुसत्या दिवे लावण्यापुरत्या. त्यातली एक बाळाची. तिथं सागवानी पाळणा टांगून तयार होता. पाळण्याशेजारी हर्षालीला बसायला मऊ कोच, त्याच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. रोज दिवेलागणीला गोरख त्या खोलीत जाई, पाळण्याला एक झोका देई आणि तो थांबेपर्यंत उभा राही.

अशा माणसानं भजनाला जावं, निदान पत्ते तरी कुटावेत. गोरख मोबाइलवर जुन्या मोटारी बघू लागला.

त्यातूनच ती सापडली. गडद निळी, लांब नाकाची, दोनच दारांची इटालियन मोटार. लांबच्या प्रवासाला दोघांनी मजेत जावं म्हणून तिकडच्या लोकांनी बनवलेली. मागं दोन एवढ्याशा सीटा होत्या; म्हणजे तिसऱ्या-चौथ्या माणसाचा विचार त्यांनी केला होता, पण फारसा मनापासून केला नव्हता. गोरखनं ठरवलं, बायको-मुलीला घरी आणायचं ते हिच्यातूनच. त्यानं नारायणगावच्या पप्पूला बरोबर घेतलं. पप्पू जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करायचा. ट्रॅक्टरमधलं कळतं त्या अर्थी इटालियन मोटारीतलंही कळत असणार, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं.

गाडीचा मालक पन्नाशीचा, शांत माणूस होता. बंगला मोठा, आत दुसरं कुणी दिसलं नाही. त्यानं चहा दिला आणि गाडीबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "लग्न झालंय?"

"व्हय," गोरख म्हणाला. "मुलगी झालीय. दहा दिवसांची हाय."

मालक पहिल्यांदाच हसला. "बरं झालं. याआधी दोघंतिघं येऊन गेले. त्यांना नाही दिली."

"का? पैशाला कमी पडले का काय?" पप्पूनं विचारलं.

"त्यांच्या घरी बाळ नव्हतं."

मग तो उठून गाडीपाशी गेला, मागच्या काचेवर हळूच टिचकी मारली आणि म्हणाला, "चला. झालं तुमचं काम."

"झालं ना सायब!" पप्पू खुशीत ओरडला. ते वाक्य आपल्यालाच उद्देशून होतं, याबद्दल त्याला शंका नव्हती. परतीच्या वाटेवर तर त्यानं सगळा उलगडाच केला. "गोरखभाऊ, बाळवाला माणूस गाडी जपून चालवतो. मालकाला गाडीची काळजी हाय, दुसरं काय न्हाय."

गावात कुणाला गाडीचं नाव नीट उच्चारता येईना. लोकांनी तिला 'इटलीवाली' म्हणायला सुरुवात केली आणि गोरखकडं बघून डोळे मिचकावले. बायको माहेरी, आणि यानं इटलीवाली आणली.

दुसऱ्या दिवशी गाडी धुताना गोरखला तो खळगा दिसला. मागची डावी सीट सपाट होती. तिच्यावर बाळाची खुर्ची कधीकाळी आवळून बांधल्याचे वळ होते. उजवी सीट मात्र खोल बसलेली. त्यानं ती दाबून, थोपटून सारखी केली. सकाळी बघतो तर खळगा पुन्हा तिथंच. तो स्वतः मागं शिरून बसून बघायला गेला, तर गुडघे हनुवटीला लागले. मोठ्या माणसाला तिथं पाय सोडून बसताच येत नव्हतं. त्या खळग्याची रुंदी बघता तिथं कुणीतरी वर्षानुवर्षं मांडी घालून बसलेलं असावं.

आणि वास. कातड्याचा नव्हे. ओव्याच्या धुरीचा, बाळंतशेपांचा, वेखंडाचा. बाळंतिणीच्या खोलीला असतो तो वास. गोरखला वाटलं, आपण अवसरीला जातो, तो कपड्यांना लागून येत असेल. आणि खरं सांगायचं तर त्याला तो आवडला. बंगल्यात कशालाच वास नव्हता. मग तो संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीत बसू लागला, दार लावून, काचा वर करून. तिथं करमायचं. का करमायचं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

अवसरीला गेलं की सासू, शीलाबाई, ओसरीवरच अडवायची.

"थांबा पावणं. बाहेरून आलाय, काय काय संगं घेऊन आला असाल. आदी पाय धुवा, घटकाभर टेका. मग बाळ."

गोरख मुकाट पाय धुवायचा, शेगडीची धग घ्यायचा, टेकायचा. गाडी तेवढा वेळ दारात उभी असायची, भिंतीला अगदी खेटून, बाळाच्या खिडकीखाली. तिला कुणी थांबवलं नाही. एवढ्या चकचकीत गाडीला पाय धुवायला कोण सांगणार?

सव्वा महिना झाला. हर्षाली निघायच्या दिवशी गाडीकडं बघत राहिली. "अहो, ही बाळासाठी घेतली? मग बाळ आत घालायचं कुठून?"

गोरखनं ऐटीत बटण दाबलं. पुढची सीट घूंऽऽ करत इंचाइंचानं पुढं सरकू लागली.

"एवढ्या येळात आमच्यात भात शिजतो," शीलाबाई म्हणाली.

निघायचं ठरलं होतं सकाळी. पण ओटी भरणं झालं, आल्यागेल्याचा चहा झाला, निम्म्या गावानं इटलीवालीला टेकून फोटो काढले, आणि उन्हं उतरली.

"आता तिन्हीसांजा झाल्या. आज न्हाई बाळाला काढायचं," शीलाबाई म्हणाली. "उद्या जावा."

गोरख ऐकेना. त्या बंगल्यात आणखी एक रात्र एकट्यानं काढायची त्याची तयारी नव्हती. शेवटी शीलाबाईनं हार मानली. पण बाळाखालच्या दुपट्याच्या घडीत तिनं अडकित्ता सरकवला. बाळाच्या जवळ लोखंड असावं म्हणून जन्मल्यापासून तो उशाशी असे. गोरखनं बाळाला मागच्या डाव्या सीटवर, नव्या खुर्चीत ठेवून पट्टा लावला. खुर्चीबाहेर आलेलं अडकित्त्याचं टोक सीटच्या कातड्याला घासत होतं. इटलीचं कातडं, ओरखडा पडला तर जुन्नरच्या कुठल्या दुकानात मिळणार? सासूची पाठ वळताच त्यानं अडकित्ता काढला आणि पुढच्या कप्प्यात टाकला.

गळिताचा हंगाम होता. पारगावच्या कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी मंचरचा रस्ता तुंबलेला, म्हणून गोरखनं गाडी आतल्या वाटेला घातली. दोन्हीकडं गाडीपेक्षा उंच ऊस. हवेत मळीचा आंबूस वास आणि धुकं. वळणावर वन खात्याची पाटी होती: बिबट्याचा वावर आहे, एकट्यानं फिरू नये. मागं बाळानं जे रडायला सुरुवात केली ते थांबेना. पुढच्या सीटवरून हर्षालीचा हात पोचत नव्हता. टाके अजून ओढत होते, तिला वळताही येईना.

मग बाळ एकदम गप्प झालं.

"झोपली वाटतं," हर्षाली कुजबुजली.

"हं."

काही वेळ नुसता इंजिनाचा घुमारा. मग... थप्... थप्... थप्...

"अहो, बोटं नका वाजवू स्टिअरिंगवर. उठेल ती."

"मी कुठं... मला वाटलं, तूच मागं हात घालून थोपटतीयेस."

हर्षालीनं शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्याच्यासमोर धरले. समोरच्या वेगाच्या काट्यांच्या निळ्या उजेडात ते दोन्ही रिकामे दिसले.

थप्... थप्... थप्... मध्येच बांगड्यांची बारीक किणकिण. गाडीत ओव्याच्या धुरीचा वास दाटून आला.

आरशात फक्त मागची काच दिसत होती. सीट दिसायला मान थोडी उंच करावी लागली असती. गोरखनं ती केली नाही.

"थांबवा गाडी..." हर्षालीनं दाराची मूठ धरली. "अहो, थांबवा..."

दोघंही दोन बाजूंनी उतरले. बिबट्याची आठवण कुणाला झाली नाही. गोरख धावत तिच्या बाजूला आला, त्यानं बटण दाबलं. घूंऽऽ. सीट आपल्या मर्जीनं पुढं निघाली. तिला घाई माहीत नव्हती. त्या घुमाऱ्याखाली थोपटणं चालूच होतं... सीट निम्मी सरकली... मग ते थांबलं.

आतला दिवा लागला होता. खुर्चीचा पट्टा सुटलेला, त्याची व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलेली. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, हात आत, चेहरा तेवढा उघडा, गाढ झोपलेलं. असं गुंडाळणं हर्षालीला अजून जमत नव्हतं. गोरखला तर कधीच जमलं नसतं.

बाळाला उचलताना हर्षालीचा हात उजव्या सीटवर टेकला. तिनं तो झटक्यानं मागं घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली. "बसलेल्या जागेसारखी."

ती गाडीत परत बसली नाही. बाळाला छातीशी धरून उसाच्या कडेकडेनं चालत राहिली, आणि गोरख मोबाइलचा उजेड दाखवत तिच्यामागं. फोन केल्यावर हर्षालीचा भाऊ, संपत, जीप घेऊन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "ती गाडी दारातून जाईपर्यंत मी त्या घरात पाय ठेवायची नाही."

"दाजी, इका ती," संपत म्हणाला. "म्या सोता आणून सोडीन भाचीला. पण आदी ती इका."

गाडी शेडमध्ये आणून लावली, आणि गोरख पुन्हा एकटा झाला. आता गाडीत बसायचीही सोय उरली नव्हती. त्यानं पुण्याच्या मालकाला फोन लावला.

"कोण हाय ती?"

"मला माहीत नाही हो. मीही जुनीच घेतली होती. आमची मुलगी झाली तेव्हा. माझ्या आधीच्यानं मला हेच विचारलं होतं, घरी बाळ आहे का म्हणून."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर घेतली असती?... वाईट नाही ती. जीव लावते. फार जीव लावते, एवढंच. आमची मुलगी पुढं आईकडं जाईना झाली. हाक मारली तर मागं वळून बघायची, दुसऱ्याच कुणाकडं तरी." तो थांबला. "तुम्हीही बाळवाला बघा. मी सांगतो ते ऐका."

गोरखनं फोन ठेवला. त्याला त्या माणसाची किळस आली. आपण असं करायचं नाही, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. पहिलं गिऱ्हाईक नाशिककडचं आलं, मागेल ती किंमत द्यायला तयार; पण त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो होता. गोरखनं त्याला इंजिनात बिघाड असल्याचं सांगून वाटेला लावलं. पप्पूनं कपाळावर हात मारला.

शेवटी चाकणचा एक ठेकेदार आला. सावळाराम नावाचा, साठीला टेकलेला, अंगठ्या घातलेला.

"घरात लहान बाळ हाय का?" गोरखनं विचारलं. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

सावळाराम पोट हलेपर्यंत हसला. "आमचं लगीनच न्हाई झालं राव! बाळ कुठलं? हौस म्हणून घेतोय."

गोरखच्या अंगावरचं ओझं उतरलं. व्यवहार झाला. हर्षालीला फोन गेला, आणि ती दुपारीच निघाली. बिनबाळाच्या घरी गाडी दिली, कुणाचं वाईट केलं नाही, असं गोरखच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांनी तो हसला.

सावळारामनं निघण्याआधी मागं डोकावून पाहिलं. "मागच्या सीटा तर कोऱ्या हायेत! कुणी बसलेलंच दिसत न्हाई कधी."

गोरख वाकला. उजवी सीट सपाट होती. कातडं ताणलेलं, नवं असावं तसं. त्यानं श्वास आत ओढला. कातड्याचा वास आला, बाकी कसलाच नाही.

"त्यांच्या घरी बाळ नव्हतं." मालकाचं ते वाक्य त्याला आत्ता, या घडीला कळलं. बिनबाळाच्या माणसाबरोबर ती जातच नाही, मागंच राहते. गाडी फाटकातून बाहेर पडली. मग त्याला पुढच्या कप्प्यातला अडकित्ता आठवला. तो "ओ थांबा" म्हणून धावला, तोवर धूळसुद्धा खाली बसत आली होती.

तो घरात आला. बाहेरचं दार लावून त्यानं कडी घातली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाळाच्या खोलीपाशी येताच त्याला ओव्याच्या धुरीचा वास आला. उन्हाची तिरीप पाळण्यावर पडली होती. पाळणा सावकाश हलत होता. शेजारच्या कोचावर, दुकानातल्या प्लॅस्टिकखाली, मधोमध खोल खळगा पडला होता, मांडी घालून बसल्यावर पडतो तसा रुंद.

फाटकात जीपचा हॉर्न वाजला.

"दाजी!" संपतची हाक आली. "दार उघडा, भाची आली तुमच्याकडं!"

प्लॅस्टिक चुरचुरलं. गोरख दारात खिळून बघत होता. तो खळगा हळूहळू भरत आला, वर आला, सपाट झाला. बसलेलं माणूस उठलं की गादी वर येते तसा.

आणि गोरख जागचा हललेला नसताना, बाहेरच्या दाराची कडी आतून निघाल्याचा आवाज आला.