नदीत सोडलेलं नाव

विद्यापीठाची आवारं चार, पण माणसाला क्रमांक एकच, आणि तो माणूस गेल्यावरही दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असा नियम होता. डोंगरउतारावरच्या मुख्य आवारात वगिरान सोळा वर्षं हेच काम निगुतीनं करत आला होता. रोज सकाळी संगणकावर त्याच्यापुढे जोड्यांची यादी येई: क्रमांक दोन, माणूस बहुधा एकच. नोंदी ताडून पाहून तो 'एकच' म्हणे, नाहीतर 'वेगळे'. 'एकच' म्हटलं की नवा क्रमांक जुन्यात विरून जाई, आणि जुन्यापुढे जे लिहिलेलं असेल तेच पुढे लागू होई.

त्या गुरुवारी यादीतली चौथी जोडी पाहून त्यानं चष्मा काढून पुसला.

जुना क्रमांक रहायूचा. त्याच्या मुलीचा. कर्मचाऱ्यांच्या मुलांना विद्यापीठाच्या दवाखान्यासाठी क्रमांक मिळत असे. सातव्या वर्षी ती गेली, तेव्हा त्यापुढे 'मयत' असं त्यानंच लिहिलं होतं. नवा क्रमांक समुद्राकाठच्या, प्रोगो नदीच्या मुखाजवळच्या आवारातला. चक्रनिंग्रुम, दुसरं वर्ष. जन्मतारीख तीच. आईचं नाव सुमिंतेन. त्याच्या बायकोचं.

चक्रनिंग्रुम हे लेकीचं पहिलं, त्यानंच हौसेनं ठेवलेलं नाव. पण पोर सारखी तापानं फणफणायची. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "नाव जड झालंय रे लेकराला, पेलवत नाही." म्हणून चौथ्या वर्षी त्यांनी ते नाव कागदावर लिहिलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि प्रोगोत सोडून दिलं. हलकं नाव दिलं: रहायू, म्हणजे सुखरूप. नोकरी लागली ती त्यानंतर. ते जड नाव विद्यापीठाच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

त्यानं समुद्राकाठच्या कचेरीत तुगिनेमबाईंना फोन लावला.

"अगोबाई, दादा! चुकून लागला की आमची आठवण आली?"

"बाई, चक्रनिंग्रुम नावाची मुलगी आहे का तिकडे? खरंच येते वर्गात?"

"येते तर! एक दिवस चुकवत नाही. ही काय, समोर ओसरीत बसलीय. गाते काय गोड! पण…"

"पण काय?"

"केस कायम ओले, दादा. आणि हजेरीची सही करते ती चार वर्षांच्या पोरासारखी. अक्षरं सगळी उलटीपालटी."

फोनमध्ये मागून गाणं ऐकू येत होतं. लेकीला झोपवताना तो म्हणायचा तेच कडवं. दुसऱ्या ओळीतला एक शब्द त्याला कधीच आठवत नसे. तिथं तो नुसताच हुंकार द्यायचा.

तिकडच्या गळ्यानंही तिथं हुंकार दिला.

"बोलावू का तिला? दादा? अहो दादा!"

"नको," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

'एकच' म्हटलं, तर ती जुन्या क्रमांकात विरून जाणार. आणि जुन्यापुढे 'मयत' होतं.

'वेगळे' म्हटलं, तर ती उद्याही ओसरीत बसून गाणार. पण ही माझी मुलगी नव्हे, हे बापानं आपल्या हातानं लिहायचं होतं.

देवा, तुझ्या दारी कुठलंच नाव वाया जात नाही ना, असं तो पुटपुटला. बराच वेळ हात जोडून बसला.

मग त्यानं 'वेगळे' निवडलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं: काही संबंध नाही.

निर्णयाचं पत्र नियमाप्रमाणे दोन्ही क्रमांकांच्या टपालात आपोआप गेलं. तीन ओळींचं. 'तपासणीअंती असे आढळले की आपण ती व्यक्ती नाही.'

डोळे टिपून त्यानं पोच पाहिली.

चक्रनिंग्रुमचं पत्र न उघडता पडून होतं.

दुसरं दहा चाळीसला उघडलं गेलं होतं. तेरा वर्षं बंद असलेल्या क्रमांकावर.

दुपारचे बारा वाजले. ते अजून मिटलं नव्हतं.

रहायू गेली तेव्हा पहिलीतच होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून, सावकाश वाचायची.