दोन स्लाइसची नोंद

पहिल्या भेटीतच मी त्याला झापलं. कॉलेजमागच्या तळ्याकाठी वाकून मी पाण्याची बाटली भरत होते, तेवढ्यात त्याने पंप सुरू केला आणि मी कोपरापर्यंत भिजले.

"माणूस दिसत नाही का?"

"दिसलात ना. म्हणून तर हळू सोडलं पाणी..."

आई म्हणते, माझ्या नाकाच्या शेंड्यावर रागाने कायमचं घर केलंय. त्या दिवशी राग घरीच होता.

हा पंपवाला तळ्याची पातळी सांभाळायचा आणि मी तळ्यातल्या जिवांची गणितं मांडायचे. गणित तसं सोपं. शेवाळ उन्हातून ऊर्जा घेतं, किडे शेवाळ खातात, मासे किडे खातात. प्रत्येक पायरीवर दहा भागांतला जेमतेम एक वर पोचतो. बाकीचे जगण्यातच खर्ची पडतात, ऊब होऊन निघून जातात.

माझं गणित मात्र जुळेना. किडे मोजकेच, तरी मासे गुटगुटीत. चार महिन्यांचं काम झालेलं, प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरलेले, आणि माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "हे आकडे मी पुढे पाठवणार नाही." मी पंपघराच्या पायरीवर बसून रडले.

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "काय झालं मॅडम?"

"मासे जाड झालेत."

"मग... रडताय कशाला?"

मी सगळं सांगितलं. शेवाळ, किडे, दहातला एक. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. तो गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं.

"मीच टाकतो," तो म्हणाला. "ब्रेड. रोज, तुम्ही यायच्या जरा आधी. मग मासे काठाशी घोटाळतात... आणि त्यांना बघून तुम्ही हसता."

आणि मला वाटायचं, मासे मला ओळखतात! सरांनाही मी तसं ऐटीत सांगितलं होतं. माझे कान तापले.

"चार महिन्यांवर पाणी फिरवलंत माझ्या."

"नोंद आहे," तो हळूच म्हणाला.

त्याने पंपाची वही आणली. हातून काही झालं की लिहून ठेवायचं, ही त्याची सवय. मोटर किती तास चालली, पाणी किती होतं, आणि शेवटी रोज एक ओळ: ब्रेड, दोन स्लाइस. एकही दिवस सुटलेला नव्हता. म्हणजे तळ्यात बाहेरून किती खाणं आलं ते मोजता येणार होतं. माझं काम वाचलं होतं.

"मध्येच चार स्लाइस कशा?"

तो वही मागायला हात पुढे करू लागला. मग मला कडेची बारीक अक्षरं दिसली. 'हसल्या.' 'हसल्या.' 'नाही हसल्या.' आणि जिथे 'नाही' होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चार. मासे सर्वांत जाड झाले तो माझा सर्वांत चिडका महिना होता.

"मॅडम, ते दहातले नऊ... ते परत मिळत नाहीत?"

"नाही. ऊर्जा पुढेच जाते. मागे फिरत नाही."

"असू दे," तो म्हणाला. "मी कुठे परत मिळावं म्हणून टाकत होतो..."

मला तो आवडत होता. बहुतेक आधीपासूनच, फक्त आता नाकारता येईना.

दोन आठवडे ती वही माझ्या टेबलावर होती. ब्रेड धरला आणि गणित जुळलं. सरांनी सही केली. वही परत द्यायला गेले तेव्हा तो पंपाचा नट आवळत होता.

"ब्रेड बंद केला मी," तो म्हणाला. "मासे काठाशी येत नाहीत आता. तुम्ही तरी कशाला याल..."

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं, वही उघडली आणि आजच्या तारखेसमोर लिहिलं: ब्रेड नाही. कडेला बारीक अक्षरात: तरी हसली.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. त्या दिवशी पाण्याची पातळी लिहायची मात्र राहूनच गेली.