सड्याच्या चाव्या

जो माणूस उद्या नसेल, त्याचा शब्द परवा कोण पाळणार?

हा प्रश्न सकाळपासून केतकीच्या डोक्यात घण घालत होता. आबांचं, म्हणजे तिच्या आजोबांचं, हृदयाचं ऑपरेशन उद्या आठला होतं. आणि सकाळीच तिने सुहासकाकाला पडवीत फोनवर बोलताना ऐकलं होतं. पलीकडे खाणवाला होता.

"आबा आहेत तोवर सडा मिळणार नाही," काका हळू आवाजात म्हणाला. "नंतर बघू."

'नंतर' म्हणजे काय, ते अकरा वर्षांच्या केतकीला बरोबर कळलं. शेजारचा सडा (जांभ्या दगडाचं सपाट पठार) दोन वर्षांपूर्वी, २०५६ साली, विकला गेला होता. स्वयंचलित करवतींनी त्याचे चिरे कापून नेले. पाऊस तिथे आता मुरत नव्हता, आणि खालच्या वाडीची विहीर फेब्रुवारीतच आटली.

केतकी धापा टाकत घरच्या सड्यावर पोचली. आबा एका डबक्याशी उकिडवे बसले होते. आबा म्हणजे डॉ. वामन शेट्ये; चाळीस वर्षं ते बेडकांचा अभ्यास करत होते. शेजारी त्यांचा मोजणी करणारा रोबो होता. आडवं चालायचा, म्हणून घरात सगळे त्याला कुर्ली, म्हणजे खेकडा, म्हणत.

केतकीने एका दमात सगळं सांगितलं. आबा रागावले नाहीत.

"सुहास वाईट नाही गं. त्याला गावात राहून काहीतरी उभं करायचंय, आणि मी त्याला एक शेडही घालू दिली नाही."

"मग मृत्युपत्र करा ना! लिहा, की सडा विकायचा नाही!"

"कुर्ली, सांग हिला," आबा म्हणाले.

"मृत्युपत्राने जमीन कुणाला द्यायची ते ठरतं," कुर्ली म्हणाली. "पण ज्याला मिळाली, तो पुढे ती विकू शकतो. तो नाही, तर त्याची मुलं."

केतकीने विचारलं, "म्हणजे काहीच उपाय नाही?"

"आहेत की," कुर्ली म्हणाली. "जमीन न्यासाला (लोकहितासाठी मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेला) दान देता येते. न्यासाला विकताही येते. किंवा आज दान द्यायची आणि हयातभर वापर आपल्याकडे ठेवायचा."

"पण या तिन्हींत जमीन घरातून जाते," आबा म्हणाले. "माझा जीव तिथे अडकतो. म्हणून चौथा उपाय. केतकी, मालकी म्हणजे एक किल्ली नसते, जुडगा असतो. गुरं चारायची एक किल्ली, आंबे काढायची दुसरी, विकायची तिसरी. खाण खोदायची एक आणि बांधकामाची एक. यातल्या शेवटच्या दोनच किल्ल्या न्यासाला कायमच्या द्यायच्या. न्यासाने त्या वापरायच्या नाहीत. कुणी वापरत नाही ना, एवढंच बघायचं. नव्या कायद्यात याला संवर्धन-बंधन म्हणतात."

"आणि कुणी जमीन विकली तर?"

"विकू दे. बंधन माणसाला नसतं, जमिनीला असतं. घेणाऱ्याला ती बंधनासकटच घ्यावी लागते."

केतकीला हायसं वाटलं, पण क्षणभरच. आबा पुढे म्हणाले, "न्यासाच्या बाई चार वाजता येतायत. पण सातबाऱ्यावर सुहासचंही नाव आहे. त्याची सही नसेल, तर काहीच होणार नाही."

दुपारभर कुर्ली सद्यस्थितीची नोंद (जमीन आज जशी आहे तसं तिचं वर्णन) करत फिरली. उद्या कुणी बदल केला, तर तो या नोंदीवरूनच ओळखता येणार होता. केतकी डबकी मोजत होती, पण तिचं दोनदा चुकलं.

चार वाजता न्यासाच्या फरीदा मुकादम आल्या. काकाने कागद वाचला आणि टेबलावर ठेवला.

"न्यासच बंद पडला तर?"

"दुसऱ्या न्यासाचं नाव आधीच लिहिलंय," फरीदाबाई म्हणाल्या. "किल्ल्या त्याच्याकडे जातील."

"कायमचं म्हणजे फार झालं, आबा. मला विचारायचं तरी होतंत!"

"काका, मी सकाळी ऐकलं," केतकीच्या तोंडून निघून गेलं. "तू 'नंतर बघू' म्हणालास."

काकाचा चेहरा पांढरा पडला. "तुला काय वाटलं, मी आबांच्या जाण्याची वाट बघतोय?" आणि तो चपला न घालताच बाहेर निघून गेला.

ऑनलाइन नोंदणी सहाला बंद होणार होती. पाच वाजले. सव्वापाच. आबा छातीवर हात ठेवून बसले होते. आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं केतकीला राहून राहून वाटत होतं. फरीदाबाईंनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

साडेपाचला काका परत आला. पाय तांबड्या चिखलाने भरले होते. तो शेजारच्या खाणीच्या काठावर जाऊन आला होता.

"रस्त्याकडचे पाच गुंठे वगळा," तो फरीदाबाईंना म्हणाला. "तिथे डबकी नाहीत, नुसता कातळ आहे. मला काजूची शेड घालायचीय. बाकी सगळ्यावर बंधन घाला. चालेल असं?"

"चालेल की. बंधन त्या त्या जमिनीच्या मापाने शिवता येतं."

काकाने आबांकडे पाहिलं. "शेड घालू ना?"

"घाल बाबा," आबा म्हणाले.

सहाला आठ मिनिटं असताना दोघांच्या सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर केतकी आणि काका पाच तास बसून होते. कुणी जेवलं नाही. दार उघडलं की दोघं दचकून उठत. अखेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुद्धीवर आलेत. पाणी मागतायत."

संध्याकाळी आबांच्या उशाशी बसून केतकीने नोंदणीचा कागद पडद्यावर उघडला. खाली वार्षिक पाहणीच्या तारखा होत्या. ती बोटाने यादी सरकवू लागली. २०५९, २०६०... २१००... २१५०... २३००...

"आबा, ही यादी संपतच नाही!"

"पहिली तारीख कुठली?" आबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पुढच्या वर्षी, आठ सप्टेंबर."

"त्या दिवशी शाळेला दांडी मार," काका म्हणाला. "डबकी तू मोज. मी लिहून घेतो."